ढिम्मताईचं शून्य

त्या कलादालनात तिला सगळे ढिम्मताई म्हणत. आधी पाठीमागे म्हणत, मग तोंडावर म्हणायला लागले, आणि तिने तेही मनाला लावून घेतलं नाही म्हणून नाव आणखीच पक्कं झालं. तिचं काम राखणदाराचं. खुर्ची टाकून बसायचं आणि कुणाचं बोट चित्राकडे वळलं की "हात नको" म्हणायचं. एकदा तिच्या पाठीमागे माणसाएवढी काच निखळून पडली, तिचा चक्काचूर झाला, दालनभर लोक किंचाळले. ढिम्मताईने मान वळवून पाहिलं आणि म्हणाली, "झाडू आणा. आणि कुणी अनवाणी नाही ना, बघा." हा किस्सा नव्या माणसाला पहिल्याच दिवशी चहाबरोबर मिळे.

तेव्हा मॅडमना एक शांत माणूस हवा झाला, तर दुसऱ्या कुणाचं नाव निघायचं कारणच नव्हतं.

मॅडम म्हणजे ज्यांनी ती खोली उभी केली त्या कलाकार बाई. दालनाच्या अगदी मागच्या टोकाला, लोखंडी दाराची, बिनखिडक्यांची खोली. भिंतींवर पांढरं कापड ताणलेलं, कापडामागे पोलादी तारा, तारांवर आपटणाऱ्या कापडी टोकांच्या हातोड्या आणि अधूनमधून लाकडाचे पोकळ खोके. मधोमध एक बाक. बाकावर माणूस बसलं की बाहेर दारावरचा लाल दिवा लागे, म्हणजे आत कुणीतरी आहे, दुसऱ्याने घुसू नये. मग खोली त्या माणसाचा श्वास टिपायची, नाडी टिपायची आणि त्याच्या मनात जी काय खळबळ चालली असेल ती तारांवर वाजवून दाखवायची. रागीट माणसाला घणघण, प्रेमात पडलेल्याला नुसती थरथर. लोक तिकीट काढून स्वतःचंच मन ऐकायला येत आणि बरेचसे खूश होऊन जात. आपलं मन इतकं सुरेल असेल असं त्यांना घरच्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

पण खळबळ मोजायची तर शांत कशाला म्हणायचं हे खोलीला आधी कळायला हवं. हवा बदलते, तारा ओल धरतात, म्हणून रोज सकाळी दालन उघडायच्या आधी एक शांत माणूस आत बसवायचं. त्या बैठकीतला त्याचा एकेक श्वास खोली लक्षात ठेवी आणि दिवसभर येणाऱ्या प्रत्येकाचा श्वास त्या श्वासाशेजारी धरून बघे. फरक पडला तर वाजवायचं, नाही पडला तर गप्प राहायचं. याला ते लोक शून्य लावणं म्हणत.

"तराजूचा काटा आधी शून्यावर आणतात ना ताई, तसं," तारवाल्याने समजावलं. तारवाला म्हणजे खोलीच्या तारा आणि यंत्रं सांभाळणारा चाळिशीतला माणूस. त्याच्या तोंडाला कुलूप म्हणून नव्हतं. "आजपासून आमचं शून्य तुम्ही."

"बरं," ढिम्मताई म्हणाली. तोंडावर शून्य म्हटल्यावर दुसरी एखादी भडकली असती.

ती आत बसली, दार लागलं, बैठक झाली. खोली तिच्यासाठी वाजायचा प्रश्नच नव्हता, कारण माप तिचंच होतं. जगात एकाच माणसाला त्या खोलीत काही ऐकू येणार नव्हतं, ते माणूस म्हणजे ही.

सकाळची पाळी तिला नवी नव्हती, ती तिने आधीच मागून घेतली होती. त्यापूर्वी कित्येक वर्षं ती दुपारी यायची, कारण सकाळी तिला घरी थांबावं लागे. नवरा वर्तमानपत्राच्या छापखान्यात रात्रपाळीला होता आणि उजाडताना घरी यायचा. तिसऱ्या मजल्यावरचं घर, लिफ्ट नाही. खाली लोखंडी फाटक खणकन आपटायचं आणि मग जिन्यात पावलं. कागदाचं रीळ अंगावर आलं तेव्हापासून त्याचा डावा पाय ओढत असे. ठक, घस्स. ठक, घस्स. शेवटच्या वळणावर तो दम खायला थांबायचा, मग उरलेल्या पायऱ्या. ती दारामागे उभी असायची, हात कडीवर. त्याने किल्ली काढायच्या आत दार उघडायचं हा तिचा शिरस्ता. लग्न झाल्यापासून तिने त्याला किल्ली लावू दिली नव्हती. तो शाईचा वास घेऊन आत यायचा, चहा प्यायचा, आडवा व्हायचा. मग ती त्याच्या खोलीचं दार असं ओढून घ्यायची की कडीनेसुद्धा आवाज करू नये.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी फाटक वाजलं, पावलं आली, शेवटच्या वळणावर थांबली. ती दारामागे उभी राहिली. दम खातोय, असं तिला वाटलं. आज जरा जास्तच दमलाय, असं वाटलं. उरलेल्या पायऱ्या वाजल्याच नाहीत. शेजारच्या बाई कचऱ्याची बादली घेऊन बाहेर पडल्या आणि त्यांची किंकाळी आली, तेव्हा तिने दार उघडलं. तो वळणावर बसलेला होता, भिंतीला टेकून, किल्ल्यांचा जुडगा हातात.

ती रडली नाही. माणसं आली, गेली. तिने सगळ्यांना पाणी दिलं. लेक मात्र रडून रडून अंथरुणाला खिळली. एकुलती एक, नुकतीच नोकरीला लागलेली, बापाच्या काळजाचा तुकडा. बरी झाल्यावर तिने बॅग भरली आणि एका मैत्रिणीकडे राहायला निघाली. दारात उभी राहून म्हणाली, "मी झोपले होते, आई. पण तू जागी होतीस. तू या इथे उभी होतीस, दारामागे. आणि वर तुला काही वाटलंसुद्धा नाही!"

ढिम्मताईला उत्तर द्यायचं होतं. ते घशापर्यंत आलंही होतं. तोंडातून बाहेर पडलं ते, "डबा घेतलास का?"

लेक जिना उतरून गेली. त्यानंतर ती फोन करायची, पण औषध घेतल्यासारखा, तोंड कडू करून. उजाडतानाच्या त्या वेळी घरात एकटीने बसणं ढिम्मताईला जमेना, म्हणून तिने पाळी बदलून घेतली. बसला गर्दी नसते असं तिने दालनाच्या साहेबांना सांगितलं आणि स्वतःलाही तेच सांगितलं.

खोलीचे पहिले काही दिवस बरे गेले. मग एक शाळामास्तर बाहेर येऊन म्हणाले, "वाजतं छान हो. पण वर काम चालू आहे का? कुणीतरी चालतंय."

दालनाला वरचा मजला नव्हता. तारवाला छपरावर चढून बघून आला. तिथे एक मांजर होतं आणि ते चालताना काडीचाही आवाज करत नव्हतं.

मग लग्न ठरलेलं एक जोडपं आलं. दोघं वेगवेगळे आत जाऊन बसले, दोघांना वेगवेगळं वाजलं, त्याला उड्या मारणारं आणि तिला जरा काळजीचं. पण बाहेर आल्यावर दोघंही एकच सांगायला लागले. तारांच्या आवाजाआडून पावलं येतात. जवळ येतात आणि थांबतात. "थांबतात तेच वाईट," ती मुलगी म्हणाली. तिच्या अंगावर काटा आलेला दिसत होता. "एकदाची आली असती तर बरं वाटलं असतं."

दिवसागणिक ती पावलं जवळ येत चालली. आधी लोकांना ती वर ऐकू यायची, मग भिंतीपलीकडे, मग थेट दाराबाहेर. लोक मागे बघत बघत बाहेर पडायचे. एक आजीबाई बैठक अर्धी सोडून उठल्या आणि तिकिटाचे पैसेही परत मागायला थांबल्या नाहीत. एक धिप्पाड गृहस्थ ढिम्मताईच्या खुर्चीपाशी वाकले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "बाई, इथे कुणी लंगडतं का?"

"नाही," ढिम्मताई म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. हातातला तिकिटांचा गठ्ठा मात्र घामाने ओला झाला होता. त्या दिवसापासून सकाळी बाकावर बसलं की ती जिवाचा कान करून ऐके. खोली गप्प. कापड पांढरं, तारा निश्चल. सगळ्या गावाला ऐकू येतंय आणि तिला नाही, याचं तिला इतकं वाईट वाटे की एकदा तिने भिंतीला कान लावून पाहिला.

कोडं उलगडलं ते तारवाल्यामुळे. त्याने तिला एका संध्याकाळी आपल्या यंत्राच्या पडद्यासमोर बसवलं.

"ही तुमची रेघ, ताई. तुमचा श्वास. बघा, चालतोय, चालतोय, इथे थांबला. परत चालला, परत थांबला. एक थांबा छोटा, एक लांबट. लोकांचा श्वास त्या जागी चालूच असतो ना? म्हणजे फरक पडला. म्हणजे खोली खोका वाजवणार. तुम्ही जिथे जिथे थांबता, तिथे तिथे लोकांना पाऊल ऐकू येतं. तुम्ही रोज जास्त घट्ट थांबता, म्हणून पाऊल रोज मोठं होतं. एवढंच गणित. भूत नाही न् खेत नाही." तो हसला आणि मग त्याचं त्यालाच हसू पुरं करवलं नाही. "फक्त हे शेवटचं बघा. इथून पुढे रेघ जवळजवळ सपाट आहे, बैठक संपेपर्यंत. नवा थांबा नाही, म्हणून नवं पाऊल नाही. असा श्वास मी फक्त लपलेल्या माणसाचा ऐकलाय. तुम्ही आत बसून कशाची वाट बघता?"

ढिम्मताई त्या रेघेकडे बघत राहिली. खोलीचं दार लागताना त्यांच्या फाटकासारखं खणकन वाजतं, हे तिला पहिल्याच दिवशी जाणवलं होतं. त्यानंतर आपण काय करतो, ते तिला आज कळत होतं. तिला वाटत होतं आपण नुसत्या बसतो.

"कशाची नाही," ती म्हणाली.

मॅडमनी पण ती रेघ पाहिली. त्या काही वाईट नव्हत्या. ढिम्मताईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "चूक माझी आहे. मी तुमच्या गप्प बसण्याला शांतता समजले. उद्याचा दिवस तुमचं शून्य राहू दे, परवापासून आपण दुसरं कुणीतरी बसवू."

ढिम्मताईने मान हलवली. पण घरी जाताना तिच्या मनातून ते जाईना. एका दिवसानंतर ती पावलं पुसली जाणार होती. 'तुला काही वाटलंसुद्धा नाही' याचं उत्तर ती खोली इतके दिवस देत होती, येणाऱ्या जाणाऱ्याला देत होती, मास्तरांना देत होती. जिला द्यायला हवं तिला सोडून. घरात शिरल्या शिरल्या, चप्पलही न काढता, तिने लेकीला फोन लावला.

"उद्या दालनात येशील? दुपारी?"

"का? बरं नाहीये का तुला?"

"तिकीट ठेवलंय."

"आई, कामं असतात मला. आणि मला नाही माझं मन ऐकायचं पैसे देऊन."

"तुझं नाही," ढिम्मताई म्हणाली. मग तिने फोन दुसऱ्या कानाला लावला. "ये गं," ती म्हणाली.

आई कधी "ये गं" म्हणाल्याचं लेकीला आठवत नव्हतं. त्या दोन शब्दांनीच ती आली.

आली, पण आईच्या खुर्चीपाशी न थांबता सरळ आत गेली. दार खणकन लागलं. लाल दिवा लागला. ढिम्मताई खुर्ची सोडून दाराला चिकटून उभी राहिली. दार जाड होतं, तरी तारा वाजल्या की बाहेर बारीकसा गुणगुणाट यायचाच. तिने वाट पाहिली. आता घणघण होईल, पोरगी रागीट आहे. आता रडू वाजेल. आता पावलं येतील आणि तिला ओळखू येतील, तिला ओळखू येणारच.

काही आलं नाही. एक तार हलली नाही. पलीकडे तारवाला आपल्या यंत्राच्या पाठीवर थापट्या मारत होता.

बैठक संपली आणि लेक बाहेर आली ती पांढरीफटक पडलेली. "हे दाखवायला बोलावलंस? काही वाजलं नाही, आई. सगळ्यांना वाजतं आणि मला नाही. इतकी रडले मी, आजारी पडले, आणि तुझ्या या खोलीला माझ्यात काही सापडलं नाही. म्हणजे मीही तुझ्यासारखीच, दगड!"

"ताई," तारवाला म्हणाला. त्याचा आवाज नेहमीचा नव्हता. "दोघीही इकडे या जरा."

पडद्यावर एकच रेघ होती.

"मला वाटलं यंत्र गेलं. पण यंत्र ठीक आहे. ही आज सकाळची ताईंची रेघ आणि ही हिची. दोन आहेत. एकीवर एक बसल्यात म्हणून एक दिसते." त्याने बोट फिरवलं. "दार वाजल्यापासून. हा छोटा थांबा, हा लांबट. आणि शेवटचा मोठा, तोसुद्धा."

ढिम्मताईने पडद्याकडे पाहिलं आणि मग लेकीकडे. जिन्यातली पावलं लेकीला पाठ असणार, त्यात नवल नव्हतं. त्या घरातच ती वाढली होती. पण तो शेवटचा मोठा थांबा त्या एकाच सकाळचा होता. झोपलेल्या माणसाला तो ठाऊक असायचं कारण नव्हतं.

"तू जागी होतीस," ढिम्मताई म्हणाली.

लेकीने तोंडावर हात दाबला. "रोज जाग यायची फाटकाने," ती म्हणाली. "लहानपणापासून. पांघरुणात पडून ऐकायचे. त्या दिवशी बाबा थांबले, तेव्हा मला कळलं होतं, आई. जास्त वेळ लागतोय, हे मला कळत होतं. पण थंडी होती. मला वाटलं... मला वाटलं तू उघडशील."

"मला वाटलं, येतील," ढिम्मताई म्हणाली.

तिला खरं तर राग यायला हवा होता. सगळा हिवाळा, सगळा उन्हाळा या पोरीने आपलं ओझं हिच्या डोक्यावर ठेवून हिला एकटीला वाहायला लावलं होतं. पण राग आला नाही. आपल्याइतकीच ही पोरगी अजून त्या दाराशी उभी आहे, एवढंच तिला दिसलं, आणि लेकीबद्दल इतकं भरून आलं की तिचा हात आपोआप तिच्या केसांवर गेला.

"चल," ती म्हणाली. "दोघी बसू."

दार खणकन लागलं. दोघी बाकावर शेजारी शेजारी बसल्या, आणि तिथे, तिच्या स्वतःच्या शांततेच्या मधोमध, ढिम्मताईला रडू फुटलं. हुंदक्यांना ताळतंत्र नव्हता. श्वास नको तिथे चालला, नको तिथे अडकला. सकाळच्या रेघेशी त्याचा काही संबंध उरला नाही. आणि खोलीला फरक कळला.

ठक.

खूप खालून आलं ते. घस्स. लेकीची नखं तिच्या मनगटात रुतली. ठक, घस्स. गणित आहे, ढिम्मताईने स्वतःला सांगितलं, खोके आहेत, हातोड्या आहेत. पण ती चाल तिच्या ओळखीची होती. डाव्या पायाला कंटाळून पुढे ओढणारी, छापखान्यातली सगळी रात्र अंगावर घेऊन चढणारी. पावलं वर आली. पहिलं वळण झालं. दुसरं झालं. कापडावरचा उजेड मंद झाला, जिन्यात असतो तसा. शेवटच्या वळणावर पावलं थांबली.

खोलीत काही हलेना. यापुढे काही नव्हतं हे दोघींना माहीत होतं. इथून बैठक संपेपर्यंत नुसतं थांबायचं.

ढिम्मताई उठली.

"कुठे?" लेक कुजबुजली.

"दार उघडायला."

लेकही उठली. दोघी दाराशी गेल्या. ढिम्मताईने कडीवर हात ठेवला, एवढे महिने ठेवलेला हात, आणि कडी काढली. दार पूर्ण उघडलं. बाहेर दालनाची मोकळी वाट, तिची खुर्ची, पलीकडे पडद्यावर वाकलेला तारवाला. दुसरं कुणी नव्हतं. दोघी बाहेर आल्या आणि दारापासून बाजूला सरून उभ्या राहिल्या, कुणाला तरी आत जायला वाट द्यावी तशा.

आणि मग उरलेल्या पायऱ्या वाजल्या.

ठक, घस्स. ठक, घस्स. सावकाश, दमल्या पायांनी. त्यांच्यासमोरून गेल्या आणि आत गेल्या. वरच्या बारीक तारा एकदा किणकिणल्या, खिशात किल्ल्या टाकताना किणकिणतात तशा. रिकामा बाक करकरला. हवेत ओल्या शाईचा वास होता. लेकीने आईचा हात धरला.

ढिम्मताईने आत पाहिलं नाही. तिने दाराची मूठ धरली आणि ते लोखंडी दार हळूहळू, जपून ओढून घेतलं. जे दार कधी खणकन वाजल्याशिवाय लागलं नव्हतं, ते चुपचाप लागलं.

तारवाला यंत्र सोडून लगबगीने आला. दोघींकडे पाहून त्याने मान वर केली, आणि तो जागच्या जागी थबकला. दारावरचा लाल दिवा जळत होता.

"ताई, तुम्ही दोघी तर बाहेर आहात," तो म्हणाला. "मग आत कोण आहे?"

"हळू बोल," ढिम्मताई म्हणाली. "आत्ताच आलेत."